उदाजीरावांचा चिरूट

उदाजीराव खर्डेकरांची रेसची गाडी कोल्हापुरात गाजलेली, आणि ती पळवायची गार्गी इंगवले. एकदा तिनं हट्टच धरला, की सीटमागच्या पेट्रोलच्या टाकीला आड जाड पत्रा हवा; धडक बसली तर आग अंगावर यायला नको. उदाजीराव म्हणाले, "पत्र्यानं वजन वाढतं, गाडी मागं पडते. भित्र्या माणसानं रेसच्या नादी लागू नये."

गार्गी वाद घालत बसली नाही. सरावाच्या दिवशी टाकी भरून झाल्यावर ती गोड हसून म्हणाली, "साहेब, पेपरात फोटो तुमचाच हवा. बसा की सीटवर, चिरूट पेटवून. रुबाब दिसतो."

उदाजीराव खुशीत आत बसले. त्यांनी लायटर काढला, पण पेट्रोलचा वास नाकात शिरताच हात थबकला.

"अगं, पाठीशी टाकी आहे. पेटवू कसा?"

"गाडी उभी असताना तुम्हाला एक ठिणगी नको वाटते, साहेब," गार्गी म्हणाली. "मी गाडी पळवते तेव्हा इंजिन क्षणोक्षणी ठिणग्या पाडतं, आणि टाकी तिथंच असते."

फोटोग्राफरनं हसू दाबलं. उदाजीराव जपून खाली उतरले, चिरूट खिशात घातला आणि मेकॅनिकला म्हणाले, "पत्रा बसवा. चांगला जाड बसवा."