तीन सह्या आणि उलटे हत्ती

एका शहरात तयार कपड्यांची एक मोठी कंपनी होती आणि तिच्यावर तीन भावांचे राज्य होते. सगळे त्यांना मोठे काका, मधले काका आणि धाकटे काका म्हणत. धाकटे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. दर वर्षी तिघे जाहीर करत की आता आम्ही बाजूला होणार, तरुणांच्या हाती कारभार देणार. टाळ्या वाजत. मग तिघे पुन्हा आपापल्या खुर्चीत बसत.

शेवटी मधल्या काकांच्या गुडघ्यांनी कारखान्याचा जिना चढायला नकार दिला, तेव्हा या बोलण्यात थोडा खरेपणा आला.

कंपनीत दोन हुशार मुली होत्या. केतकी कपड्यांचे नवे नमुने काढी. गार्गी तो माल गावोगावच्या दुकानांत विकी. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. पहिली दोन वर्षे दोघी कापड कापायच्या टेबलाशी शेजारी शेजारी उभ्या राहून काम शिकल्या होत्या. संचालक मंडळावरही त्यांना एकाच दिवशी घेतले होते. आता दोघींना एकच खुर्ची हवी होती, मुख्य संचालकाची. आणि दोघींना एकच माणूस आवडत होता.

त्याचे नाव सौमित्र. तो मोठ्या काकांचा नातू. कापडावरची छपाई त्याच्याकडे होती, म्हणून त्याच्या नखांतली निळाई कधी जात नसे. दुपारी तो दोघींच्या मध्ये बसून जेवे. गार्गीच्या डब्यातली भाजी तो आवडीने खाई आणि केतकीच्या विनोदांना हसे. यातले प्रेम कोणते, हे गार्गी रोज ठरवायचा प्रयत्न करी.

एके दिवशी मंडळाच्या बैठकीत मोठे काका म्हणाले, "दिवाळीचा माल केतकीने काढलाय. तो चालला तर खुर्ची केतकीची. नाही चालला तर गार्गीची. आणि जी खुर्चीत बसेल, ती नातसून म्हणून आमच्या घरातही आली तर चांगलंच. सौमित्रचं वय झालंय."

सौमित्र म्हणाला, "आजोबा, मला कोणी विचारलं का?"

"तू चहा घे," मोठे काका म्हणाले. "गार होतोय."

केतकी हसली. गार्गी हसली नाही. तिने ते बोलणे खरे धरले.

दिवाळीसाठी केतकीने कुर्ते काढले होते. पिवळ्या कापडावर निळे हत्ती, पाठीवर लाल अंबारी. तो हत्ती छापायला तिला आणि सौमित्रला दोन महिने लागले. नुसत्या डोळ्यासाठी आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत दोघे जेवायला उशिरा येत आणि गार्गी डबा उघडून एकटी बसे.

त्या कंपनीत एक पद्धत होती. कापड कापण्याआधी एक चिठ्ठी लिहायची. कापड कसे पसरायचे, कसे कापायचे, ते चिठ्ठीत असे. तिच्यावर तीन सह्या होत, लिहिणाऱ्याची एक आणि काकांच्या दोन. एकदा तिसरी सही झाली, की त्या मालाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम तिघा काकांनी चाळीस वर्षांपूर्वी केला होता. फार बोलणी झाली की काम अडते, असे त्यांचे म्हणणे होते. खरी गोष्ट अशी होती की फार बोलणी झाली की काकांची चूक निघे.

केतकीने हत्तीच्या कापडाची चिठ्ठी लिहिली आणि तिच्यात सवयीने लिहिले, "जा-ये." म्हणजे कापड टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे, तिथे दुमडायचे आणि तसेच परत आणायचे. असे थरावर थर चढवायचे आणि सगळे एकदम कापायचे. कापड साधे असेल किंवा त्यावर बारीक फुले असतील, तर हीच पद्धत बरी. वेळ वाचतो. सहा वर्षे केतकी हेच लिहीत आली होती. पण फुलाला वर-खाली नसते, हत्तीला असते. कापड दुमडून परत आणले की एकाआड एक थर फिरतो आणि त्यावरचे चित्र उलटे येते. असे कापड दर फेरीला टोकाशी तोडून पुन्हा पहिल्या टोकापासून पसरावे लागते. केतकीच्या ते ध्यानात आले नाही. मधल्या काकांनी आणि धाकट्या काकांनी चिठ्ठी न वाचता सह्या केल्या. त्यांचे चष्मे घरी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी माल कधी मिळेल ते विचारायला खाली गेली. टेबलावर ऐंशी थर तयार होते. हुसेन मास्तर कापायचे यंत्र हातात धरून नुसते उभे होते.

"ताई, बरं झालं आलात," मास्तर म्हणाले. "चिठ्ठीत जा-ये लिहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. तिन्ही सह्या आहेत."

नियमात बसेल तेवढे मास्तर बोलले होते. गार्गीने वरचा थर उचलला आणि खालचा उलटून पाहिला. वरचा हत्ती उभा होता. खालचा पाय वर करून पडला होता, आणि अंबारी त्याच्या खाली. तिला एका क्षणात सगळे कळले.

केतकी वरच्याच मजल्यावर होती. जिन्यातून हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. थर पुन्हा लावायला एक दिवस लागला असता, बाकी काही नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी केतकी आणि सौमित्र जाहिरातीचे फोटो काढायला दहा दिवस बाहेरगावी जाणार होते. बरोबर एकच कुर्ता नेणार होते, केतकीने स्वतः कापलेला, सरळ हत्तींचा. गार्गीच्या डोळ्यांपुढे ते दोघे गाडीत शेजारी बसलेले आले. मग तिला खुर्ची दिसली.

"कापू का, ताई?" मास्तरांनी विचारले.

"सह्या आहेत ना? मग कापा."

मास्तरांनी यंत्र सुरू केले.

कापलेले कापड शिवणाऱ्या बायकांकडे गेले. त्यांनी गठ्ठे सोडले आणि एकमेकींकडे पाहिले.

"अगं, हे हत्ती झोपलेत का?"

"झोपू देत. सह्या झाल्यात. तू शीव."

केतकी आणि सौमित्र परत यायच्या आत माल खोक्यांत बंद झाला आणि दुकानांत गेला. दसऱ्याला दुकानदारांनी खोकी उघडली. निम्म्या कुर्त्यांवर हत्ती आकाशाकडे पाय करून होते. चार दिवसांत सगळी खोकी परत आली.

बैठक बसली. टेबलावर कुर्ते पसरले होते. धाकट्या काकांनी एक कुर्ता उचलून फिरवला आणि ते म्हणाले, "असा धरला तर सरळ दिसतोय की."

"असा धरला तर गळा खाली येतो, काका," केतकी म्हणाली.

"नवी फॅशन आहे म्हणून सांगा," मधले काका म्हणाले.

मोठ्या काकांनी चिठ्ठी मागवली. केतकीची सही त्यांनी मोठ्याने वाचली. खालच्या दोन सह्या मनातल्या मनात वाचल्या. मग चिठ्ठी पालथी ठेवली आणि हुसेन मास्तरांना बोलावले. मास्तर एकतीस वर्षे तिथे काम करत होते. वर बैठकीच्या खोलीत ते पहिल्यांदाच आले.

"तुम्हाला हे दिसलं नाही?"

"दिसलं होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"तिन्ही सह्या होत्या. बोलायचं नाही, असा आपलाच हुकूम आहे."

"वर तोंड करून उत्तर देता?" मोठे काका म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

मास्तरांनी एकदा गार्गीकडे पाहिले. तिचे नाव मात्र घेतले नाही. गार्गी समोरच्या कुर्त्याकडे पाहत राहिली. एक वाक्य बोलायचे होते. ते बोलले असते तर मास्तरांची नोकरी वाचली असती आणि खुर्ची गेली असती. ती बोलली नाही.

केतकी उठली. "चिठ्ठी मी लिहिली. चूक माझी आहे. मास्तरांना काढू नका, मी जाते."

"दोघंही जा," मोठे काका म्हणाले.

अशा रीतीने मुख्य संचालकाची खुर्ची गार्गीला मिळाली.

ती सौमित्रला भेटायला छपाईच्या खोलीत गेली. तो हात धूत होता.

"बैठकीत मास्तर तुझ्याकडे का बघत होते?" त्याने विचारले.

तिला खोटे बोलता आले असते. पण त्याच्यापुढे तिला ते जमले नाही. "कापताना मी तिथे होते. मला दिसलं होतं."

"मी त्या दिवशी स्टेशनवरून तुला फोन केला होता. कापड नीट लागलं का म्हणून."

"हो."

"तू म्हणालीस, सगळं ठीक आहे."

"हो."

सौमित्रने हात पुसले. मग म्हणाला, "मी केतकीला काही विचारलं नव्हतं आणि तुलाही नव्हतं. तुमची शर्यत आजोबांनी लावली होती. तू कशाला धावलीस?"

तो दुसऱ्या दाराने निघून गेला.

पुढचा दिवस उजाडला तेव्हा गार्गीने राजीनामा लिहिला. त्यात सगळे खरे लिहिले. तिघे काका एकत्र बसले होते तिथे तो नेऊन दिला आणि ती उभी राहिली. आता आरडाओरडा होईल, आपल्याला हाकलून देतील, असे तिला वाटले. तिला तेच हवे होते.

मोठ्या काकांनी कागद वाचला आणि धाकट्यांना दिला. धाकट्यांनी वाचून मधल्यांना दिला. आज तिघांचेही चष्मे बरोबर होते.

"चूक दिसत असून तू कापा म्हणालीस?" मोठ्या काकांनी विचारले.

"हो."

"आणि बैठकीत गप्प बसलीस?"

"हो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मग तिघे हसले.

"अगं, यात राजीनामा देण्यासारखं काय आहे?" मोठे काका म्हणाले. "नियम पाळलास. आपला फायदा ओळखलास. वेळेला तोंड बंद ठेवलंस. आम्ही ही कंपनी चाळीस वर्षं कशी चालवली असं तुला वाटतं?"

"आम्हाला शंका होती," मधले काका म्हणाले, "तू फार साधी आहेस की काय. आता काळजी नाही."

धाकट्या काकांनी चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

"मास्तरांना परत बोलवा," गार्गी म्हणाली. "केतकीलाही."

"बोलवू की. घाई काय आहे? आधी बस तू."

बोलवू म्हणजे काय, हे तिला पक्के ठाऊक होते. कागद अजून मधल्या काकांच्या हातात होता. तो तिथेच ठेवून तिला दाराबाहेर जाता आले असते. दार उघडेच होते. पण खुर्ची कोणीतरी मागे ओढून ठेवली होती, आणि त्या खुर्चीची तिने सहा वर्षे वाट पाहिली होती. ती बसली.

मास्तरांना कोणी बोलावले नाही. केतकीने शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन टेबलांचा छोटा कारखाना काढला आणि मास्तरांना तिकडे नेले. तिथे कापडाला हात लावण्याआधी मास्तर सगळ्यांना विचारतात, आणि शिवणारी बाईसुद्धा थांबा म्हणू शकते. काम हळू होते. तिथली छपाई आता सौमित्र करतो. त्याचे आणि केतकीचे पुढे काय झाले, ते या गोष्टीत नाही, कारण तो त्यांचा प्रश्न आहे.

गार्गी तिघा काकांच्या शेजारी बसते. तिघांना ती फार आवडते. "ही आपली," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. कोणीतरी आपल्याला "आपली" म्हणावे, यासाठीच तिने हे सगळे केले होते. फक्त तिच्या मनात ते म्हणणारा माणूस वेगळा होता.

तात्पर्य: दुसऱ्याची चूक दिसत असताना जो आपल्या लाभासाठी गप्प राहतो, ती चूक त्याचीही होते, आणि जिथले वडीलधारे अशा गप्प राहण्याला लायकी समजतात, तिथली खुर्ची मिळण्यापेक्षा न मिळालेली बरी.