मुंग्यांत न बसलेलं पिल्लू

एका जंगलात, ओढ्याकाठच्या एका पोखरलेल्या उंबरात, एक साळुंकी राहत असे. त्या झाडाला ढोल्याच ढोल्या, आणि प्रत्येक ढोलीत साळुंक्यांचं एकेक बिऱ्हाड. पिल्लाला पिसं फुटली की त्याला झाडाखालच्या तांबड्या मुंग्यांच्या वारुळावर नेऊन बसवायचं, अशी तिथली रीत होती. मुंग्या चावत, पिल्लू किंचाळे, दिवसभर पंख टाकून बसे. पण मुंग्यांचं ते आंबट पाणी पिसांत मुरलं की रक्त पिणाऱ्या पिसवा त्या अंगाला शिवत नसत.

या साळुंकीला एकच पिल्लू होतं. आधीची दोन सापाने खाल्ली होती, म्हणून पान सळसळलं तरी ती दचके. पोरांनो, एवढं आपण समजून घेऊ. पण एकदा कावळा येऊन सांगून गेला, "मुंग्यांत नेऊ नकोस गं बाई. माझ्या ओळखीतलं एक पिल्लू त्यानंतर उडलंच नाही."

"कुठलं हो?"

"पलीकडच्या डोंगरावरचं."

त्या डोंगरावर कावळा जन्मात गेला नव्हता, आणि तिनेही पुढे विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी चारा आणतो. पोराचं तू बघ." म्हणे बाप! शेवटी तिने आपली आपणच समजूत घातली, "सगळ्यांची पिल्लं बसली आहेत ना? मग पिसू येईल कुठून? माझं एक राहिलं तर काय झाड पडणार आहे?" शेंड्यावरच्या म्हाताऱ्या साळुंकीने हे सगळं ऐकलं. काय होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. "ज्याचं पोर तो बघेल," असं पुटपुटून तिने मान पिसांत खुपसली.

बाकीची पिल्लं वारुळावरून परतली ती एकमेकांना चावे दाखवत. "हा कुठे होता रे? आईच्या पंखाखाली!" असं म्हणून त्यांनी याला फांदीवरून ढकलून दिलं. मग ते एकटं पिल्लू शेजारच्या ढोलीत जाऊन बसू लागलं. तिथे नुकतंच अंड्यातून निघालेलं एक होतं. उघडंनागडं, डोळे मिटलेलं. पिसंच नाहीत, तर त्याला मुंग्यांत बसवणार कसं? त्याची आई चाऱ्याला गेली की आपलं पिल्लू त्याच्यावर पंख पसरी आणि सांगे, "तुझे डोळे उघडू देत, मी तुला ओढा दाखवतो. लई गंमत आहे तिकडे." ते चिमुकलं आवाजाच्या दिशेने मान वळवी. अख्ख्या झाडावर याच्याकडे मान वळवणारं तेवढंच एक होतं.

मधेच पिल्लाच्या पंखाखाली खाज सुटली. आई म्हणाली, "नवी पिसं आली की खाजतंच, राजा." पिल्लाने चोचीने खाजवून दिवस काढले. पिसवांना मात्र पंखाखाली दुसरं अंग सापडलं होतं, मऊ आणि बिनपिसांचं. चिमुकलं पांढरं पडत गेलं. एका सकाळी पिल्लाने हाक मारली, तेव्हा मान वळली नाही.

त्या चिमुकल्याची आई चोचीत अळी धरून ढोलीच्या तोंडाशी नुसती उभी राहिली. बाकीचे मोठे जमले. "यंदा हवाच वाईट," कावळा म्हणाला. "एकेकाचं नशीब," म्हातारी म्हणाली. बाप चाऱ्याला गेला होता.

"आई," पिल्लाने विचारलं, "माझ्या पंखाखाली काय आहे?"

साळुंकीने त्याचा पंख उचलला, आत पाहिलं आणि कोणाला दिसायच्या आत तो मिटवून ठेवला. पिल्लू मात्र तिच्या तोंडाकडे बघत होतं. ते खाली उतरलं आणि मुंग्यांच्या वारुळावर जाऊन बसलं. मुंग्या डसत होत्या. ते किंचाळलं नाही. एवढे सगळे मोठे फांद्यांवरून बघत होते. सोबतीला एकही खाली आला नाही.

पुढे त्याला फांदीवर जागा मिळाली. तरी संध्याकाळ झाली की ते त्या रिकाम्या ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसे, आणि आत कोणी नसताना सांगे, "आज ओढ्यावर खंड्या आला होता."

तात्पर्य : आपल्या पोराला दुखेल म्हणून चुकवलेला डंख शेवटी त्याच्याहून लहानग्याला भोगावा लागतो, आणि ज्या मोठ्यांनी कळत असून तोंड उघडलं नाही, त्यांनी नंतर नशिबाचं नाव घेऊ नये.