पांढरं केलेलं वाक्य

"मास्तर, एक वाक्य गाळलं, तर अख्खं पुस्तक खोटं ठरतं का?"

जैनुद्दीन मास्तर हस्तलिखिताची पानं उलटत राहिले.

सूतगिरणीचे मुख्य हिशेबनीस म्हणून मास्तर निवृत्त झाले, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. समोर बसलेला श्रीरंग हुपरीकर त्यांच्याच हाताखाली हिशेब शिकला. पुढे दोनदा लोकसभेत गेला. आता त्याचं आत्मचरित्र लिहून झालं होतं. उद्या ते छापायला जाणार होतं, आणि प्रस्तावनेच्या चार ओळी त्याला मास्तरांच्याच हव्या होत्या.

अंगणात शेजारची तानूबाई चिंचा फोडत बसली होती. तीस वर्षं ती गिरणीत साच्यावर, सूत कातायच्या यंत्रावर, उभी होती. आता बहात्तराव्या वर्षी किलोमागे मजुरी घेत होती.

"चहा कोरा आहे," मास्तर म्हणाले. "चालेल ना, खासदारसाहेब?"

"तुम्ही तर दुधाचा..."

"प्यायचो. पेन्शन निम्मी होईपर्यंत."

श्रीरंगने मान खाली घातली.

एका पानावर मास्तरांचा हात थांबला. मधल्या एका ओळीवर व्हाइटनरचा जाड पट्टा होता.

"सुधारलास. पूर्वी ब्लेड वापरायचास."

श्रीरंगला आठवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने चुकलेला आकडा ब्लेडने खरवडून काढला होता. मास्तरांनी त्याच्याकडून अख्खी वही पुन्हा लिहून घेतली होती. चूक पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपली सही.

"काय आहे याच्याखाली?"

"सभागृहातलं माझं बोलणं... कामगारांची पेन्शन कमी करायच्या विधेयकावरचं."

"तू बोललास?"

"पक्षानं मलाच उभं केलं. म्हणाले, तुम्ही हिशेबातले, तुमचं ऐकतील."

"ऐकलं?"

"ऐकलं."

"काय म्हणालास?"

"म्हणालो... हे आकडे मी स्वतः तपासले आहेत."

"तपासले होतेस?"

"होते."

"बरोबर होते?"

सुपात चिंचोके पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"नव्हते, मास्तर."

मास्तरांनी पान त्याच्यापुढे सरकवलं.

"काढ ते."

श्रीरंग नखाने पट्टा खरवडू लागला. पांढरा पापुद्रा निघाला. त्याला चिकटून खालचा कागदही निघाला. त्याने पान उचललं. मधोमध भोक पडलं होतं, आणि त्यातून तानूबाईचे चिंचेने काळे पडलेले हात दिसत होते.

"वाक्यच गेलं, मास्तर."

"पाठ आहे?"

"...तेवढं एकच पाठ आहे. बाकी दहा वर्षांत काय बोललो, आठवत नाही."

मास्तरांनी थंड झालेला चहा बाजूला ठेवला आणि अंगणाकडे बोट केलं.

"मग मोठ्यानं म्हण. साच्यांच्या आवाजानं तिचे कान गेलेत."