सासूच्या जागी ठेवलेल्या सुपारीची कहाणी

ऐक टेकडीमाये, तुझी कहाणी. मागच्या बायांनो, कुजबूज पुरे, हातात अक्षता घ्या.

नदीच्या वळणात एक आटपाट गाव होतं. तिथं बायजा नावाची सून होती. नवरा बैल घेऊन मुलखावर गेलेला. घरात सासू गोदा, कमरेखाली लुळी.

त्या गावात जेठात एक व्रत करीत. काय करीत? घरातलं थकलंभागलं माणूस टोपल्यात बसवावं, पाठीवर घ्यावं, टेकडीवर न्यावं. निखारे मडक्यात न्यावे, पोहे फडक्यात न्यावे, गुरांची दावी सोडावी. मायेच्या पाया पडावं, खाली यावं. येतं वर्ष चुकवू नये.

पहिल्या वर्षी बायजेनं सासू नेली. बाया हसल्या, "अगो बाई, सासूची वरात काढलीन!" बायजा मेल्याहून मेल्यासारखी झाली. दुसऱ्या वर्षी सासूचं नुसतं लुगडं नेलं. तिसऱ्या वर्षी शेजारणीच्या हाती सुपारी दिली. म्हणाली, "देव बसतात सुपारीत, मग सासू नाही का बसायची?"

सासू म्हणाली, "बये, पूर आला तर तो सुपारीला धरील, की मला?"

बायजेनं तोंड फिरवलं.

मग आषाढ आला. आभाळ फाटलं. भर दुपारी अंधारून आलं. मग नदी अंगणात आली. मग उंबऱ्यावर आली. मग चुलीत शिरली. बायजेनं हाका मारल्या, तर गाव केव्हाच टेकडीवर गेलेलं. गोठ्यात धावली, दाव्याची गाठ भिजून फुगलेली, सुटेना. म्हैस हंबरली, हंबरली, मग गप झाली. बायजेनं टोपलं ओढलं, सासूला बसवलं, उचललं. तळ वाळवीनं खाल्लेला. सासू धपकन पाण्यात पडली.

"तू जा गं," सासू म्हणाली. "माझी सुपारी वर आहेच."

बायजेनं हंबरडा फोडला. लुगड्यानं सासूला पाठीशी बांधलं नि घरामागच्या टेकडीच्या वाटेला लागली. वाट काट्यांनी बुजलेली. एकदा पडली, दोनदा पडली, तीनदा पडली. पाणी टाचेला लागूनच होतं.

वर पोचते तो काय, वाटेत एक म्हातारी काठी आडवी धरून उभी. तळहातावर सुपारी. म्हातारी म्हणाली, "तुझ्या घरची गोदा माझ्यापाशी आहे. ही कोण आणलीस? सोड हिला पाण्यात."

बायजेनं हात जोडले. म्हणाली, "माये, चुकले."

"चुकलीस ते मला ठाऊक. ही कोण?"

"माये, पदर पसरते."

"पदर राहू दे. ही कोण?"

पाणी गुडघ्याला आलं. बायजा ओरडली, "ही माझी सासू! ती सुपारी माझा आळस! टाक ती!"

म्हातारीनं सुपारी पाण्यात टाकली. पाणी तिथंच थबकलं. बायजेनं डोळे पुसले, तो म्हातारी नाही, नुसता शेंदराचा धोंडा.

मग पाणी ओसरलं. घर गेलं, म्हैस गेली, माणसं राहिली. नवरा आला, नवं छप्पर उभं केलं. जेठ आला. बायजेनं नवं टोपलं विणलं, सासूला बसवलं, भर गावातून निघाली. चढावर दम लागला.

सासूनं विचारलं, "सुपारी जड झाली का गं?"

बायजा म्हणाली, "व्हा अजून जड."

बायजेला माय पावली तशी तुम्हां-आम्हां पावो. पाणी दारी न येवो, आलंच तर टोपलं शाबूत असो, वाट मोकळी असो, मागं कोणी न राहो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, टेकडीमायेच्या पायी सुफळ झाली.