गाठ नसलेली बातमी

एका गावात एक हलगीवाला राहत होता. पण त्याची गोष्ट सांगायची तर आधी त्या गावची शाळा कुठं होती, ते सांगायला पाहिजे.

बारकी पोरं गावातच, देवळाच्या ओसरीवर शिकत. पाचवीत गेलं की मात्र ओढा ओलांडून समोरच्या टेकडीवर जावं लागे. तिथल्या शाळेत पाचवी, सहावी आणि सातवी. आईबापांना कामातून टेकडी चढायला सवड कुठली? आणि गुरुजींनी चिठ्ठी लिहून पाठवावी, तर ती वाचणार कोण? म्हणून त्या शाळेनं एक रीत पाडली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की हलगीवाल्यानं टेकडीवर जायचं, आठवड्याच्या बातम्या गुरुजींच्या तोंडून ऐकायच्या, आणि उन्हं कलली की हलगी वाजवत गावभर सांगायच्या.

हलगीवाल्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या हलगीला हातभर सुतळी लोंबत असे. गुरुजींनी एक बातमी सांगितली की तो सुतळीला एक गाठ मारी. सात बातम्या, सात गाठी. गावात प्रत्येक चौकात उभं राहून तो गाठींवरून बोट फिरवी आणि बातम्या सांगे. शेवटचं घर आलं की एकेक बातमी सांगत एकेक गाठ सोडी. सुतळी मोकळी, माणूस मोकळा.

बातम्या तरी कशा? सहावीच्या पोरांनी वाफा केला होता, त्यात मेथी उगवलीय. बुधवारी देवी टोचायला माणूस येणार आहे, पोरांना न्याहारी करून पाठवा. सातवीनं नाटक बसवायला घेतलंय, राजाला मुंडासं पाहिजे, कुणाकडं जरीचं असलं तर द्या, परत मिळेल. पाचवीच्या वर्गात उवा झाल्यात. ही बातमी सांगितली की प्रत्येक आई आपल्या पोराला जवळ ओढायची आणि शेजारणीच्या पोराकडं बघायची.

पण सगळ्यांचे कान असत नावांकडं. अमक्यानं गणितात पहिला नंबर काढला, तमकी धावण्यात पुढं आली. ज्याचं नाव येई, त्याच्या घरची माणसं आठवडाभर ताठ मानेनं पाणी भरत. हलगीवाल्याला स्वतःचं लेकरू नव्हतं. त्यामुळं कुणाचंही नाव आलं तरी त्याला आपल्याच घरातलं वाटे, आणि ते तो जरा लांबवून म्हणे. पोरं त्याला हलगीआबा म्हणत.

गावातलं शेवटचं, ओढ्याकाठचं घर कुंभाराचं. त्याची लेक सगुणा सातवीत होती. लांबून हलगी ऐकू आली की कुंभार फिरतं चाक थांबवायचा. अर्धवट ओढलेलं मडकं कधीकधी खचून जायचं, पण त्याला त्याचं काही नसे. मातीनं भरलेले हात तसेच धरून तो उभा राही, सगळ्या गाठी सुटेपर्यंत ऐके, "बरं" म्हणे, आणि पुन्हा चाकाला गती देई. पाचवीचं वर्ष गेलं, सहावीचं गेलं. सगुणाचं नाव एकदाही आलं नाही.

शेजारचा तेली एकदा म्हणाला होता, "तुझी पोर शाळेत जाते, का वाटेत करवंदं खात बसते?" कुंभार तेव्हा हसला होता. पण ते बोलणं काट्यासारखं आत राहून गेलं.

एका शनिवारी सातवी गाठ सुटली. कुंभार मोकळ्या सुतळीकडं बघत राहिला.

"आबा, संपल्या?"

"संपल्या."

मग कुंभार हळू आवाजात सांगू लागला. माती तुडवायला हात कमी पडतात. तीन वर्षं मी चाक थांबवून ऐकतोय. शाळेला जर पोरीचं नाव घ्यावंसं वाटत नाही, तर सोमवारपासून ती घरीच बरी.

मागं सगुणा माती चाळत बसली होती. तिच्या हातातली चाळणी थांबली. ती नुसती खालच्या मातीकडं बघत राहिली. हलगीवाल्यानं ते पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. त्यानं सुतळीवर बोट ठेवलं. बोटाखाली गाठ नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "एक राहिली. सातवीतल्या सगुणानं कविता म्हणण्यात पहिला नंबर काढला."

कुंभाराचा चेहरा एकदम उजळला. सगुणानं आधी हलगीआबाकडं पाहिलं आणि मग मान खाली घातली. पोर लाजली, असं बापाला वाटलं.

सोमवारी कुंभारानं जत्रेसाठी राखून ठेवलेला सगळ्यांत देखणा माठ खांद्यावर घेतला आणि लेकीबरोबर टेकडी चढायला निघाला. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होता, पोरीचा पहिला नंबर आला, म्हणून शाळेला माठ देतोय. सगुणा दोनदा म्हणाली, "बाबा, राहू दे ना." पण बाप गाणं गुणगुणत चालला होता. त्याला असं गुणगुणताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं. ती त्याच्या मागं चालत राहिली.

शाळेत पोरं प्रार्थनेला रांगेत उभी होती. कुंभारानं माठ कशासाठी आणला ते गुरुजींना सांगितलं. गुरुजी गोंधळले. माणूस भला होता, काहीतरी सावरून घ्यायला बघत होता. तेवढ्यात रांगेतून एक पोरगं म्हणालं, "कविता म्हणायचं तर झालंच नाही." आणि सगळी रांग हसली.

कुंभारानं माठ पायरीवर ठेवला, मागं न बघता टेकडी उतरला. संध्याकाळी लेकीला एवढंच म्हणाला, "उद्यापासून माती."

गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. हलगीवाला ओढ्यावर हातपाय धुवायला गेला, तर कपडे आपटणारी एक बाई म्हणाली, "काय आबा, आमच्या पोराच्या उवा तरी खऱ्या होत्या ना?" बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तो हसला नाही. त्याला आपल्या अब्रूचं एवढं वाटत नव्हतं. ज्या पोरीची शाळा वाचावी म्हणून तो बोलला, तिची शाळा त्याच्याच बोलण्यानं सुटली होती.

मंगळवारी सकाळीच तो गुरुजींपुढं जाऊन उभा राहिला आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "आबा, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. झालं तेवढंच सांगायचं."

"चुकलो, गुरुजी. पण एक विचारू का? तीन वर्षांत तुमच्या एकाही गाठीत ती पोर कशी आली नाही?"

गुरुजी मग म्हणाले, "तिचा कशातच नंबर येत नाही, आबा. वाईट नाही, पण कशात पुढंही नाही. तिच्याबद्दल सांगायचं तरी काय?"

"मला तरी काय ठाऊक," हलगीवाला म्हणाला. "मी फक्त शनिवारी येतो, तेही शाळा सुटल्यावर. हा आठवडा मला व्हरांड्यात बसू द्या."

तर तो बसला. एका खांबाला टेकून, सुतळी मांडीवर घेऊन. आता जी पोर शाळेत येतच नाही तिचं काय दिसणार, असं कुणालाही वाटेल. गुरुजींनाही तसंच वाटलं.

त्याच दिवशी पाचवीची काही पोरं शाळा भरल्यावर, उशिरा आली. दोघांची दप्तरं भिजलेली. हलगीवाल्यानं विचारलं तेव्हा कळलं, ओढ्यातल्या दगडांवरून येताना त्यांना भीती वाटते, म्हणून ती बराच वेळ काठावरच उभी राहिली होती, आणि शेवटी येताना दोघं पाण्यात घसरली होती. मग रोज कसे येता? तर म्हणाली, सगुणाताई मधल्या दगडावर उभी राहते आणि एकेकाला हात देते.

हलगीवाल्यानं सुतळीला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी पाणी पिऊन तोंडं वाकडी केली. शाळेच्या जुन्या माठातलं पाणी कोमट झालं होतं, त्याला शेवाळाचा वास येत होता. आजवर तर थंडगार असायचं. सहावीतल्या एका मुलीनं सांगितलं, सगुणाताई सगळ्यांच्या आधी येऊन माठ बाहेरून घासते आणि त्याच्या बुडाखालची वाळू भिजवते. दुसरी गाठ.

मधल्या सुट्टीत पाचवीतला एक पोरगा डबा न उघडता बसून होता. भूक नाही का, असं हलगीवाल्यानं विचारलं. तर तो म्हणाला, "माझ्या डब्यात रोज चटणीच असते. सगुणाताईला ती लय आवडते. ती माझी चटणी घेते आणि मला तिची भाजी देते. आज ती नाही, मग चटणी कुणाला देऊ?" हलगीवाल्यानं आपल्या फडक्यातली भाजी पोरापुढं सरकवली, त्याची चटणी घेतली, आणि मग तिसरी गाठ मारली. चटणी चांगली जहाल होती.

शुक्रवारी नाटकाची तालीम होती. जरीचं मुंडासं घातलेला राजा ऐटीत पुढं आला आणि पहिल्याच वाक्याला अडकला. तो पडद्याकडं बघू लागला. प्रधानही पडद्याकडं बघू लागला. पडद्यामागं कुणीच नव्हतं. सगळ्यांची सगळी वाक्यं जिला पाठ होती, ती खाली ओढ्याकाठी माती तुडवत होती.

गुरुजी उठले. हलगीवाल्याच्या मांडीवरची सुतळी त्यांनी घेतली आणि चौथी गाठ स्वतःच्या हातानं मारली. "हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं चालायचं, आबा," ते म्हणाले. "चालत होतं, म्हणूनच दिसलं नाही."

शनिवार आला. हलगीवाल्यानं पहिल्या चौकात हलगी वाजवली. लोक जमले ते निम्मे थट्टा करायलाच. त्यानं आधी स्वतःची बातमी सांगितली. मागल्या शनिवारी कुंभाराच्या दारात आपण खोटं बोललो. त्यात ना बापाची चूक, ना पोरीची. खोटं आपलं एकट्याचं.

तेली गर्दीतून म्हणाला, "मग आजच्या खऱ्या, कशावरून?"

"आज बघून आलोय," हलगीवाला म्हणाला.

पुढं त्यानं गाठींवरून बोट फिरवत बातम्या सांगितल्या, आणि प्रत्येक चौकात हेच केलं, आधी चूक, मग बातम्या. हलगी वाजत वाजत ओढ्याकडं आली. पण त्या दिवशी कुंभाराचं चाक थांबलं नाही. तो खाली मान घालून मडकं ओढत होता. सगुणा पलीकडं माती तुडवत होती, गुडघ्यापर्यंत चिखल.

हलगीवाला आधी तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. "बाळ, तुझ्या नावानं मी खोटं बोललो. तुझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही असं धरून बोललो. माझं चुकलं."

मग त्यानं एकेक गाठ सोडायला सुरुवात केली. ओढ्यातल्या मधल्या दगडाची सांगितली. चाक फिरतच होतं. चटणीची सांगितली, पडद्याची सांगितली. चाक फिरतच होतं. शेवटी म्हणाला, "सातवीतली सगुणा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येते. शाळेचा माठ बाहेरून घासते, बुडाखालची वाळू भिजवते. ती गेली तसं शाळेतलं पाणी कोमट झालं."

चाक थांबलं. त्यावरचं मडकं एका बाजूला खचलं.

"वाळू भिजवायला तिला मी शिकवलं," कुंभार म्हणाला. कुणाला सांगत होता, कुणास ठाऊक. त्यानं लेकीकडं पाहिलं, जणू बऱ्याच दिवसांनी. "पाच वर्षांची होती तेव्हा."

सगुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात चिखलानं भरलेले, त्यामुळं तिला ते पुसताही येईना.

कुंभार उठला आणि हलगीवाल्याजवळ आला.

"आबा, पुन्हा सांग."

"गाठी सुटल्या रे सगळ्या."

"मग पुन्हा मार."

हलगीवाला तिथंच दारात खाली बसला. त्यानं मोकळ्या सुतळीला एकेक करून चारही गाठी पुन्हा मारल्या आणि पहिल्यापासून सांगितलं. सगुणाचं नाव चारही वेळा लांबवून म्हटलं. तेली आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं चौथ्या गाठीला घसा खाकरला आणि आत गेला.

सोमवारी ओढ्यातल्या मधल्या दगडावर पुन्हा एक हात पुढं आला. शाळेच्या पायरीवर आठवडाभर कोरडा पडलेला देखणा माठ भिजल्या वाळूवर बसला. आणि गुरुजींनी त्या दिवसापासून नवी रीत पाडली. हलगीवाल्याला बातम्या सांगण्याआधी ते सगळ्या वर्गांतून, व्हरांड्यातून आणि माठाजवळून एक फेरी मारून येत. त्यामुळं बातम्या वाढल्या, आणि हलगीवाल्याला सुतळी बदलून लांब घ्यावी लागली.

तात्पर्य इतकंच: लेकराचं कौतुक करायला खोटं रचावं लागत नाही, ते रोज काय करतं, हे जवळ बसून बघावं लागतं.