साठ हजारांची वेबसाइट

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत असे. कामाची पहिली तीस वर्षे त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुढे लोक रंगाच्या पाट्या करून घेईनासे झाले, तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना तो संगणक शिकला आणि व्यापाऱ्यांना संकेतस्थळे बांधून देऊ लागला. गाव त्याला आप्पा म्हणे. त्याच्या हाताखाली मृदुला नावाची एक विद्यार्थिनी होती. बुद्धीने तल्लख, कामाला चोख, आणि आपले काम कुणी स्वस्तात मागितले की चटकन दुखावणारी.

एके सकाळी तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी दिगंबरशेठ त्यांच्याकडे आले. दुकान तीन पिढ्यांचे, पण अलीकडे गिऱ्हाईक लग्नसराईपुरतेच उरले होते. शेठना वेबसाइट हवी होती, तसा निरोप त्यांनी आठवड्यापूर्वीच धाडला होता.

तिच्या खर्चाचा अंदाज मृदुलाने चार दिवस खपून काढला होता. तिने स्वतंत्रपणे काढलेला तो पहिलाच अंदाज. एकशे चाळीस भांड्यांची छायाचित्रे, प्रत्येकाचा मजकूर, पैसे स्वीकारण्याची सोय, घरपोच पाठवण्याची व्यवस्था, वर्षभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरे. एकूण साठ हजार रुपये. तिने कागद शेठपुढे ठेवला.

"साठ?" शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "अहो आप्पा, माझ्या मेहुण्याच्या शेजारचा मुलगा पाच हजारांत करून देतो म्हणालाय! तुम्ही काय सोन्याची घडवणार आहात का?"

मग ते बोलू लागले आणि बोलतच राहिले. बंब कसा बसवतात, गिऱ्हाईक हातोड्याने ठोकून घडवलेले भांडे कसे वाजवून बघते, साठ हजारांत किती घंगाळी येतात, ती घंगाळी वाहून नेताना हमाल काय बोलतात. तासभर हे चालले. आप्पा गालावर हात ठेवून अगदी तल्लीन होऊन ऐकत होते.

"पन्नास करा," शेवटी शेठ म्हणाले.

"केले," आप्पा म्हणाले. "फक्त फोटो तुम्ही काढायचे."

शेठना हे इतके सोपे जाईल असे वाटले नव्हते. त्यांनी पुढचे पाऊल टाकले. "चाळीस?"

"चाळीस. मग मजकूरही तुम्हीच लिहायचा. प्रत्येक भांड्याबद्दल तीन ओळी, पण तुमच्या स्वतःच्या."

"आणि पंचवीस म्हटलं तर?"

"तर लोकांचे जे प्रश्न येतील, त्यांची उत्तरं तुम्ही द्यायची. आम्ही द्यायची नाहीत."

शेठनी टेबलावर थाप मारली, हजार-हजार करत पाच हजारांचा विसार दिला आणि जिंकलेल्या मल्लासारखे छाती काढून जिना उतरले.

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "आप्पा, चार दिवस घालवले मी त्या कागदावर. तुम्ही पाच मिनिटांत निम्म्याच्याही खाली आलात!"

"मी खाली आलो का?" आप्पांनी विचारले. ते खरोखरच विचारात पडल्यासारखे दिसले. मग त्यांनी चहा मागवला आणि विषय संपवला.

दहा दिवस गेले. शेठकडून काहीच आले नाही. मृदुलाला मनातून थोडा आनंदच झाला होता. हे काम शेठना झेपणार नाही, ते मुकाट्याने परत येतील आणि साठ हजार कबूल करतील, अशी तिची खात्री होती. अकराव्या दिवशी ती मुद्दामच दुकानात गेली.

दुकानाच्या दारात पांढरी चादर बांधलेली होती. पायरीवर बसून शेठच्या पत्नी इंदूकाकू चिंच-मीठ लावून एक परात घासत होत्या. शेठ स्टुलावर उकिडवे बसून मोबाइल एका कळशीवर रोखत होते.

"आलीस? ये ये, बस," शेठ म्हणाले. "तुझं हे काम फार वाईट बाई! फोटो काढतो कळशीचा आणि येतं माझं पोट. प्रत्येक भांड्यात माझं पोट! तीन दिवसांनी कळलं की भांडं सकाळच्या उजेडात जरा वळवून ठेवायचं आणि आपण चादरीआड लपायचं."

"आणि मजकूर?" मृदुलाने जपूनच विचारले.

शेठ ओशाळले. उत्तर इंदूकाकूंनी दिले. "पहिले चार दिवस यांनी काय लिहिलं माहितेय? उत्कृष्ट दर्जा, आकर्षक बनावट, माफक किंमत. एकशे चाळीस वेळा तेच. मी वाचून म्हटलं, हे कोण बोलतंय? तुम्ही गिऱ्हाइकाशी असं बोलता होय? वही माझ्याकडे द्या. मी गिऱ्हाईक होते, तुम्ही मला भांडं विका."

आणि मग तसेच झाले. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी काकू गिऱ्हाईक होऊन उभ्या राहत, शंभर उणिवा काढत, शेठ तावातावाने उत्तर देत आणि ते उत्तर काकू जसेच्या तसे वहीत उतरवत. दोघांत इतके बोलणे गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. शेजारचा सुतळीवाला तर दोघांचे भांडण लागले समजून दोनदा समजूत घालायला येऊन गेला होता.

"ऐक," म्हणून शेठनी वही उघडली आणि वाचले:

"पितळी कळशी. ही कळशी गळत नाही. हिला घाम येतो. आत पाणी गार असले की बाहेरून घाम येणारच. गळते म्हणून परत आणून भांडू नये."

मृदुला हसली. शेठनी पान उलटले.

"तांब्याचे घंगाळ, मोठे. दोन माणसांनी उचलायचे. आमच्या सौ. एकटीने उचलतात, पण त्यांची गोष्ट वेगळी. तुमची पाठ धरली तर आम्हाला फोन करू नये."

"पितळी पातेले. कल्हई केल्याशिवाय यात ताक, चिंच, टोमॅटो काही ठेवू नका. विकणारा स्वतः सांगतोय, तेव्हा ऐका. कल्हईवाले मौलाचाचा दर बुधवारी आमच्या ओट्यावर बसतात."

मृदुला आली होती वेगळ्याच विचाराने. पण ती दुपारपर्यंत तिथेच बसली, हसून हसून तिचा घसा बसला, आणि उठताना तिने ती वही अगदी जपून पिशवीत ठेवली. तिचे काम आता एवढेच होते, की हे बोलणे जसेच्या तसे लोकांपर्यंत पोचेल असे साधे, स्वच्छ घर त्याच्यासाठी बांधावे. ते तिने मन लावून बांधले.

संकेतस्थळ सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात नागपूरहून एका बाईंचा फोन आला. "घाम येणारी कळशी तुमचीच ना? आमच्या अख्ख्या बिल्डिंगने वाचलंय. दोन पाठवा." मग बेळगाव, मग इंदूर. लोक भांडे मागवत आणि शेठशी बोलण्यासाठी पुन्हा फोन करत. भांडी कमी पडू लागली, तेव्हा मागच्या आळीतले भांडी ठोकून घडवणारे बंद पडलेले दोन कारखाने पुन्हा सुरू झाले. तिथला एक जुना कारागीर तर शहरातल्या एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा असे. तो गणवेश परत करून, नाचतच म्हणा ना, हातोड्याकडे परतला.

तीन महिन्यांनी शेठ पेढ्यांचा पुडा आणि एक पाकीट घेऊन आप्पांकडे आले. "आप्पा, हे उरलेले पस्तीस हजार. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, मी तुम्हाला बुडवलं."

आप्पांनी पेढा घेतला आणि पाकीट परत सरकवले. "फोटो तुम्ही काढले, लिहिलं तुम्ही दोघांनी, फोनही तुम्हीच घेता. तुमच्या कामाची मजुरी मी कशी घेऊ?"

मग ते मृदुलाकडे वळले. "त्या दिवशी तू रागावलीस, कारण तुला वाटलं भाव उतरला. भाव उतरला नव्हता, मुली. तुझा अंदाज अचूक होता. हे काम साठ हजारांचंच होतं आणि शेठनी ते सगळे साठ दिले. पंचवीस हजार रोख दिले. बाकीचे त्यांनी सकाळचा वेळ दिला, चार दिवसांचं लिहिलेलं खोडलं, काकूंची बोलणी खाल्ली, त्यात दिले. वेबसाइटला जो खर्च लागतो तो कुणाला ना कुणाला करावाच लागतो. पाच हजारांत करून देणारा मुलगाही खोटा नव्हता. उरलेलं काय आणि ते कोणी करायचं, एवढंच त्याने सांगितलं नव्हतं. आता मला सांग, त्या कळशीबद्दल तू काय लिहिलं असतंस?"

मृदुलाने मान खाली घातली. "शुद्ध पितळेची आकर्षक कळशी."

"मीही तेच लिहिलं असतं. शेठ तासभर घासाघीस करत होते, तेव्हा मी पैशांकडे लक्षच देत नव्हतो. मनात म्हणत होतो, हा माणूस भांड्यांबद्दल असं बोलतो, आणि आपण त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला गप्प बसवणार? काही व्यापाऱ्यांकडे पैसे असतात, सांगायला काही नसतं. त्यांच्याकडून साठ हजार पुरते घ्यावे आणि काम चोख करून द्यावं. पण ज्याच्यापाशी पैशाहून मोलाचं काही आहे, त्याला ते खर्च करायला लावावं. तो कुरकुरतो, पण श्रीमंत होतो."

"मग पुढच्या वर्षीच्या देखभालीतही काही कमी करा की!" शेठ उत्साहाने म्हणाले.

"त्याचे पुरते घेणार," आप्पा म्हणाले. "ते तुम्हाला जमायचं नाही." आणि तिघेही मोकळेपणाने हसले.

त्याच आठवड्यात कोकणातून एक बाई आल्या. फणसपोळी आणि कोकम विकत. वेबसाइटला किती पडतील, असे त्यांनी संकोचून विचारले. मृदुलाने दराचा कागद काढायला खण उघडला, क्षणभर थांबली आणि खण पुन्हा बंद केला.

"आकडा सांगते, ताई," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा, फणसपोळी बिघडली हे तुम्हाला कशावरून कळतं?"

बाईंचा संकोच कुठल्या कुठे पळाला. त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला सुरुवात केली. मृदुला गालावर हात ठेवून ऐकू लागली.