डोळ्यावरचं कुंकू

यंत्रं माणसांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. खोटी वाटली तर आमच्या दमयंतीकाकूंच्या रेडिओला विचारा.

दसरा होता. संध्याकाळी सातला काकूंची लेक मृणाल पहिल्यांदाच टीव्हीवर गाणार होती. सातला पाच मिनिटं उरली, दिगंबरकाकांच्या हातात तीन रिमोट होते आणि पडदा काळाकुट्ट.

"सेटटॉप बॉक्स काही पाठवतच नाही," टीव्ही म्हणाला.

"मला रिमोट काही सांगतच नाही," बॉक्स म्हणाला.

"सांगून सांगून घसा बसला माझा!" रिमोट ओरडला.

काकांनी मागच्या सगळ्या वायरी उपटून पुन्हा खोचल्या.

"अहो, पोरगी गाऊन घरी येईल तोवर!" काकू रडकुंडीला आल्या.

कपाटावरचा जुना रेडिओ खाकरला. "काकू, एक कान पिळलात की मी अख्ख्या आळीला गाणी ऐकवायचो, आठवतं?"

"आजोबा, तुमचं पुराण नंतर," बॉक्स फणकारला.

"अरे, दर दसऱ्याला काकू मलाही कुंकू लावायच्या. मला डोळा नव्हता, म्हणून चालून गेलं. आज सकाळी पूजेत तुझ्या नेमकं डोळ्यावरच लागलंय, बाळा. रिमोटची खूण तुला दिसणार कशी?"

काकूंनी पदराने बॉक्सचा डोळा पुसला. काकांनी बटण दाबलं, आणि तंबोरा जुळवणारी मृणाल पडद्यावर उमटली.

पुढच्या दसऱ्याला बॉक्सला कुंकू लागलं ते पाठीवर. रेडिओला मात्र कपाळावर, आणि सगळ्यांच्या आधी.